हसण्यात गेलेला पाऊण तास

हॉटेलांच्या चादरी आणि टॉवेल धुणाऱ्या त्या लॉन्ड्रीत दादा बावीस वर्षं वाफेच्या इस्त्रीवर होता. त्याची बहीण त्याच्या मागून कामाला लागली, घड्या घालायच्या टेबलावर. आता तिची पन्नाशी उलटली होती, तरी सगळी लॉन्ड्री तिला धाकटीच म्हणायची.

दादा म्हणजे एक नमुना. मुकादमाच्या चालण्याची नक्कल करावी तर त्यानेच. चादर डोक्यावर घेऊन हॉटेलात रुसून बसलेली बायको व्हावं तर त्यानेच, आणि तेही चेहऱ्यावरची रेष न हलवता. त्याने तोंड उघडायचा अवकाश, लोक हसायला टपलेलेच असायचे.

त्या उन्हाळ्यात सलग सहा दिवस पारा खाली आलाच नाही. लॉन्ड्रीच्या खिडक्या बंद असायच्या, कारण उघडल्या की पांढऱ्या कपड्यांवर धूळ बसते. दोन पंख्यांपैकी एक बंद पडलेला, दुसरा तीच गरम हवा इकडून तिकडे लोटायचा. पिण्याच्या पाण्याचं पिंप आवाराच्या पार टोकाला, संडास त्याच्याही पलीकडे. कोणी दोनदा उठलं की मुकादम विचारायचा, "सहलीला आलात काय?" म्हणून माणसं पाणीच बेताने प्यायची. दादाला तर रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू होती. सारखं उठावं लागू नये म्हणून तो दुपारपर्यंत दोन पेल्यांवर भागवायचा.

सहाव्या दिवशी दुपारी दोनच्या सुमाराला त्याने इस्त्रीखाली चादर उलटी लावली. काढली, आणि पुन्हा उलटीच लावली.

"दादा, काय चाललंय तुझं?" धाकटीने विचारलं.

"गाडी सुटायला वेळ आहे अजून," तो म्हणाला. "तू बॅगेवर बस."

टेबलाभोवतीच्या बाया फिस्सकन हसल्या. धाकटीलाही हसू आलं.

"कुठली गाडी हो, दादा? आम्हालाही न्या की!"

"तिकिटं आईकडे आहेत," दादा गंभीरपणे म्हणाला. आईला जाऊन अकरा वर्षं झाली होती. बायांनी तोंडाला पदर लावले. थोड्या वेळाने त्याने मुकादमाचाच दंड धरला आणि दरडावून विचारलं, "तू कोण रे? माझ्या घरात कसा शिरलास?" तेव्हा तर खुद्द मुकादमही खो खो हसला.

पाऊण तास असा गेला. मधे एकदा धाकटीचं लक्ष दादाच्या पाठीकडे गेलं होतं. एरवी या वेळेला त्याचा शर्ट पिळून काढावा इतका चिंब असायचा. आज ठणठणीत कोरडा होता. बदलला वाटतं, असं तिच्या मनात आलं आणि तिने पुढचा टॉवेल ओढला.

पावणेतीनला तो कोसळला.

धाकटी धावली. त्याच्या कपाळाला हात लावला तर चटका बसावा तसं झालं. डोळे अर्धवट उघडे, पण नजर कुठेच नाही. मुकादम पाण्याचा पेला त्याच्या तोंडाला लावणार, तेवढ्यात मागून बॉयलरवाला ओरडला, "तोंडात नको! शुद्ध नाही त्याला, पाणी फुप्फुसात जाईल. आधी बाहेर काढा. अंग भिजवा!" दोन उन्हाळ्यांमागे त्याचा मेव्हणा भट्टीपाशी असाच पडला होता. तेव्हा काय करायला हवं होतं, ते त्याला नंतर कळलं होतं.

चौघांनी दादाला उचलून भिंतीच्या सावलीत नेलं. धाकटीने हौदातून खंगाळलेल्या चादरी भराभर ओढल्या.

"अगं, त्या आजच जायच्यात!" मुकादमाच्या तोंडून निघून गेलं.

"खड्ड्यात जाऊ देत!"

तिने त्याला ओल्या चादरीत गुंडाळलं. मानेशी, काखेत, जांघेत ओले टॉवेल दाबले. बाया पुठ्ठ्यांनी वारा घालत होत्या. चादर पाच मिनिटांत कोमट व्हायची, मग दुसरी. मुकादम स्वतः बादल्या भरून आणत होता आणि कोणाच्याच नजरेला नजर देत नव्हता. अँब्युलन्सला पस्तीस मिनिटं लागली. त्या दिवशी गावभर सगळ्यांना तीच हवी होती.

दवाखान्यात तरुण डॉक्टरने विचारलं, "पडायच्या आधी काही असंबद्ध बोलत होते का? कधीपासून?"

धाकटी म्हणाली, "नाही. एकदम पडला."

तिसऱ्या दिवशी दादाची मूत्रपिंडं काम करेनाशी झाली. बाहेरच्या बाकावर धाकटी आणि वहिनी शेजारी शेजारी बसल्या होत्या. डबा तसाच होता, दोघींच्या मधे.

"वहिनी, मी डॉक्टरांशी खोटं बोलले," धाकटी म्हणाली. "तो पाऊण तास बरळत होता. आईचं नाव काढत होता. आम्हाला वाटलं, नेहमीची थट्टा. सगळ्यांबरोबर मी पण हसले."

वहिनीने मधला डबा बाजूला सरकवला.

"त्या दिवशी सकाळी त्यांना दोनदा उलटी झाली होती," ती म्हणाली. "मी म्हटलं, आज नका जाऊ. तर म्हणाले, धाकटीला बोलू नकोस, उगाच जीव खाईल माझा. आणि मी नाही बोलले."

धाकटीने तिचा हात धरायला हात पुढे केला. वहिनीने तो धरू दिला नाही.

"आधी जा," ती म्हणाली. "डॉक्टरला खरं सांगून ये."

डॉक्टरने ऐकून घेतलं, कागदावर लिहून घेतलं. आता त्यामुळे काही फरक पडणार नाही, हे तो बोलला नाही, पण धाकटीला ते कळलं. तिने खोदून विचारलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "उन्हाळ्यात माणूस बरळायला लागला, की तिथूनच घाई करायची असते. पडायची वाट बघायची नसते."

पाचव्या दिवशी सकाळी दादा गेला.

धाकटी कामावर परतली त्या आठवड्यात उकाडा तसाच होता. आल्या आल्या तिने स्टुलावर चढून सगळ्या खिडक्या उघडल्या. पिंप ओढत आत आणलं. मुकादम दारात उभा राहून बघत होता. "धूळ बसेल," असं काहीतरी तो पुटपुटला, पण खिडक्या लावायला पुढे आला नाही. बारा ते चार इस्त्र्या बंद राहतील, असं बॉयलरवाल्याने परस्परच जाहीर केलं आणि वाफ सोडून दिली. मालकाला काय सांगायचं ते मुकादमाने सांगितलं असावं. कोणी विचारलं नाही.

दर तासाला धाकटी एकेकापुढे जाऊन उभी राहायची. "पाणी प्यायलीस? आज वार कोणता? तारीख?"

"शाळा आहे का ही?" एक दिवस मुकादम म्हणाला.

"हो," धाकटी म्हणाली. "तुम्हीही सांगा. तारीख?"

त्याने निमूटपणे सांगितली.

त्याच दुपारी टॉवेल मोजणारीने तारीख चुकवली, चांगली चार दिवसांनी. धाकटीने तिच्या हातातला गठ्ठा काढून घेतला, दंडाला धरून तिला बाहेर सावलीत नेलं आणि मानेवर ओला टॉवेल ठेवला.

"अगं बाई, मला काहीसुद्धा झालेलं नाही!" ती कळवळून म्हणाली. "तारीख मला बारा महिने माहीत नसते. विचार ना माझ्या नवऱ्याला!"

"विचारीन," धाकटी म्हणाली. तिने तिचं कपाळ चाचपलं. ओलं होतं, घामाने निथळत होतं. तरीही तिने तिला अर्धा तास उठू दिलं नाही, आणि स्वतःही शेजारी बसून राहिली.