येतीलकाकांचा कोट

लॉन्ड्रीच्या दुकानात एक पाटी होती : 'तीन महिन्यांच्या आत कपडे न नेल्यास दुकान जबाबदार राहणार नाही.' ती लॉन्ड्रीवाल्याने स्वतःच्या हाताने रंगवली होती आणि तिचं एकदाही ऐकलं नव्हतं. मागच्या खोलीत, वाफेच्या इस्त्रीच्या पलीकडे, एका लोखंडी दांडीवर लोकांनी न नेलेले कपडे लटकत असत. त्यात एका बँडवाल्याचा लाल डगला होता, कुणाचे तरी शाळेचे गणवेश होते (ती पोरं एव्हाना बाप झाली असतील), आणि एका नवरदेवाचा सूट होता. नवरदेवाचं पुढे काय झालं, हे विचारायची कुणाची छाती झाली नव्हती. बायकोने "काढा हो ती अडगळ," म्हटलं की लॉन्ड्रीवाला कॉलरवरची नजर न काढता म्हणायचा, "येतील, येतील."

दांडीच्या टोकाला एक राखाडी ओव्हरकोट होता. त्याच्या मालकाचं नाव म्हणूनच येतीलकाका पडलं.

नाव ठेवणाऱ्या दोघी. एक लॉन्ड्रीवाल्याची मुलगी, तिला वर्गात इस्त्री म्हणत. दुसरी शेजारच्या चष्मेवाल्याची, तिला भिंग. टोपणनावं ठेवायला शाळेला डोकं लागत नाही, बापाचं दुकान पुरतं. दोन्ही दुकानांच्या मागे एकच अंगण होतं आणि अंगणात उघडणारी दोन दारं. भिंग पुढच्या दाराने लॉन्ड्रीत कधी गेलीच नव्हती. पुढचं दार गिऱ्हाइकांसाठी असतं.

येतीलकाकांचं चरित्र दोघींनी कोटावरूनच काढलं. खालच्या कडेला एक पांढरा डाग होता, तीनदा धुऊनही न गेलेला. तो समुद्राच्या मिठाचा, यावर दोघींचं एकमत झालं. लॉन्ड्रीवाल्याच्या मते तो चुन्याचा होता, पण त्याचं मत कुणी मागितलं नव्हतं. तर काका जहाजावर कप्तान होते. जहाज बुडालं. काका पोहत एका बेटावर गेले, तिथल्या राणीने त्यांच्याशी लग्न केलं आणि राणी फार घोरते म्हणून काका पळून आले. पुढे दुसऱ्याच्या गुन्ह्यासाठी तुरुंगात गेले. कोट न्यायला यायला उशीर होत होता तो या असल्या भानगडींमुळे. माणूस वाईट नव्हता.

कोटाचे खिसे म्हणजे टपालपेटी. एकीने काही ठेवलं की दुसरीने दुसऱ्या दिवशी त्याला उत्तर ठेवायचं. तोंडाने अवाक्षर काढायचं नाही. बाटलीचं बूच म्हणजे जहाज तरंगतंय. मोडकी किल्ली म्हणजे काका कैदेत. किल्लीला उत्तर म्हणून इस्त्रीने एकदा चमचा ठेवला होता. तिच्या आईने तो चमचा आठवडाभर शोधला आणि काका त्या आठवड्यात भुयार खणून बाहेर आले.

भांडण एकदाच झालं, पण जंगी. कोटाचा डावा खिसा उजव्यापेक्षा जास्त झिजला होता. इस्त्री म्हणाली, काका डावखुरे. भिंग म्हणाली, छट्, उजव्या हातात छत्री असायची म्हणून डावा हात खिशात.

"कप्तान छत्री घेतो होय गं?"

"जहाजावरून उतरल्यावर घेतो."

"तुझे काका घेत असतील. माझे डावखुरेच आहेत."

काकांची अशी वाटणी होते म्हटल्यावर दोघी घाबरल्या. तीन दिवसांच्या अबोल्यानंतर शर्यत ठरली. काका येतील तेव्हा दोघींनी मिळून बघायचं, आणि हरणारीने जिंकणारीला जन्मभर 'बाईसाहेब' म्हणायचं. कोटाच्या बाहीवर हात ठेवून दोघींनी तशी शपथ घेतली. तेव्हा त्या आठ वर्षांच्या होत्या, म्हणजे जन्मभर या शब्दाची त्यांना बऱ्यापैकी कल्पना होती.

पुढे दोघी बारा वर्षांच्या झाल्या. म्हणजे कागदोपत्री दोघी. प्रत्यक्षात इस्त्री एका सुट्टीत वीतभर उंच झाली, बास्केटबॉलच्या टीममध्ये गेली आणि तिला दोन मैत्रिणी मिळाल्या. एकीच्या दातांना तार होती, दुसरी इतकी लांब होती की तिला बास्केटबॉल खेळण्यावाचून गत्यंतरच नव्हतं. भिंग होती तिथेच, होती तेवढीच राहिली. त्यातच लॉन्ड्रीवाल्याचे गुडघे धरले आणि संध्याकाळी गल्ल्यावर इस्त्री बसू लागली. "मावशी, हा डाग जाणार नाही हं, आधीच सांगते," असं ती गिऱ्हाइकाला इतक्या बिनचूक सुरात सांगायची की भिंगला ती कुणी दुसरीच वाटायची.

खिशातली उत्तरं उशिरा येऊ लागली. दुसऱ्या दिवसाची चौथ्या दिवसावर गेली, चौथ्याची आठवड्यावर. एकदा खिशात बिस्किटाच्या पुड्याचा नुसता कागद निघाला. भिंगने त्याचा अर्थ लावण्यात दोन दिवस घालवले. चांदीचा मुलामा होता, म्हणजे खजिना? चुरगळलेला होता, म्हणजे वादळ? तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की तो बिस्किटाच्या पुड्याचा कागद होता.

तरी तिने उत्तर ठेवलं. जवळ होतं नव्हतं त्यातलं सगळ्यात चांगलं ठेवलं. बापाच्या हातून चुकून भलत्याच नंबरची घासली गेलेली, कडेला टवका उडालेली चष्म्याची एक काच. ती डोळ्याला लावली की जवळचं माणूससुद्धा लहान होऊन लांब जाऊन उभं राहायचं. बापाने ती "घे, खेळ" म्हणून दिली होती. भिंगने अर्थ असा योजला होता : काका, फार लांब गेलात, आता परत फिरा. हे काकांसाठी होतं. सगळंच काही काकांसाठी नव्हतं.

काच खिशात टाकली त्याच रात्री तिला ताप भरला आणि सकाळी कांजिण्या उठल्या.

"इस्त्री आली होती का गं आई?"

"कशाला येईल? लागतात त्या. खाजवू नकोस."

"खिडकीशी?"

"खिडकीशी फक्त मांजर आलं होतं. खाजवू नको म्हटलं ना!"

भिंगने पडल्या पडल्या विचार केला. काच साधीसुधी नव्हती, तिचं उत्तरही साधंसुधं असणार नाही. असल्या गोष्टीला वेळ लागतो. जितके दिवस जात होते तितकं ते उत्तर मोठं होत होतं. शेवटी शेवटी तर तिला खात्री वाटू लागली की ते खिशात मावणारच नाही.

खपल्या पडल्या, आईने सोडलं, आणि भिंग अंगण ओलांडून मागच्या दाराने लॉन्ड्रीत शिरली. दांडीच्या टोकाला नुसता हँगर होता.

तिने लाल डगला बाजूला केला. गणवेश बाजूला केले. नवरदेवाच्या सूटच्या आत सुद्धा बघितलं. मग ती पुढे आली. इस्त्री शर्टांना नंबराच्या चिंध्या टाचत होती.

"कोट कुठाय?"

"आलीस? डाग राहिले का गं? दाखव. नाकावरचा एक राहणार बघ."

"कोट कुठाय?"

"अगं हो! तो नेला ना. मागच्या आठवड्यात."

"कुणी?"

"ज्यांचा होता त्यांनी."

भिंग पाठीमागच्या कपाटाला टेकली. "काका आले?"

"एक माणूस आला. चार वर्षं उलटून गेली, बाबांना म्हटलं जास्त पैसे घ्या, तर बाबा त्यालाच चहा पाजत बसले."

"एवढी वर्षं होते कुठे?"

"विसरला म्हणे." इस्त्रीने दातात धरलेली टाचणी काढली. "घरी दुसरा कोट होता."

बेटाची राणी, तुरुंग, भुयार, चमचा. हे सगळं चार वर्षं एका माणसाच्या घरी दुसरा कोट होता म्हणून घडलं होतं.

"मला बोलवायचं तरी..."

"कांजिण्यांत?"

"डावखुरे होते का?"

"काय?"

"काका. डावखुरे होते का?"

इस्त्रीने तिच्याकडे बघितलं. "ते कोण बघतंय? दुकानात गर्दी होती."

भिंगने एक शेवटचा डाव टाकून पाहिला. आवाज खाली आणून ती म्हणाली, "मला वाटतं, तो खरा नसणार. हेर असेल. काकांचा कोट पळवायला पाठवलेला. खऱ्या काकांना हे कळलं ना..."

इस्त्रीच्या हातातली टाचणी थांबली. तिच्या डोळ्यांत काहीतरी हललं, चमच्याच्या आठवड्यात हललं होतं तसंच. तिने तोंडही उघडलं. तेवढ्यात एक बाई पडद्यांचं भलंमोठं बोचकं घेऊन आत आली आणि इस्त्री उभी राहिली. "या मावशी. किती आहेत?" मग मान न वळवता, पण रागावून मुळीच नाही, अगदी थकलेल्या आईसारखी म्हणाली, "पुरे गं आता."

यानंतर शहाणी मुलगी गेली नसती. भिंग चार दिवसांनी पुन्हा गेली, कारण काचेचं विचारायचं राहिलं होतं. काच मिळाली आणि उत्तर राहिलं, की काच मिळालीच नाही? दोन्हींत फार फरक होता. एकात इस्त्री आळशी होती. दुसऱ्यात तिने खिशात हातच घातला नव्हता.

गल्ल्याशी तारवाली आणि लांब, दोघी चेंडू घेऊन उभ्या होत्या. इस्त्रीचं दुकान संपलं की सरावाला जायचं होतं. भिंग मागच्या दारातून येऊन वाफेच्या इस्त्रीपाशी थांबली. या तिघींसमोर विचारायची ती गोष्ट नव्हती.

आणि पुढच्या दारातून राखाडी कोट आत आला.

कोटात एक माणूस होता. टक्कल, सर्दी, काखेत फाईल. कप्तान तो बादलीचासुद्धा नसेल.

"बाळ, तुझे बाबा आहेत का?"

"नाहीत. काय राहिलं का?"

"राहिलं नाही, जास्त आलं." त्याने काच काढून गल्ल्यावर ठेवली. "खिशात निघाली. म्हटलं कुणाची तरी असेल, अडलं असेल बिचाऱ्याचं."

भिंगला उत्तर मिळालं. खिशात हात घातलाच नव्हता.

"ई, काय आहे ते?" तारवालीने वाकून विचारलं.

"फुटक्या चष्म्याचं काहीतरी," लांब म्हणाली. "तुमच्याकडे लोकांच्या खिशात काय काय निघतं गं!"

इस्त्री काचेकडे बघत होती. टवका तिने ओळखला. तो उडाला तेव्हा दोघी चष्मेवाल्याच्या यंत्राशी शेजारी शेजारी उभ्या होत्या. तिचे कान लाल झाले. भिंगला ते मागून दिसलं, आणि कान लाल झालेत म्हणजे अजून सगळं गेलेलं नाही, असंही तिला एक क्षण वाटलं.

"आमचं नाही," इस्त्री म्हणाली.

"नक्की? नाहीतर ठेवून घे, कुणी विचारत आलं तर..."

"नाही काका. आमचं नाहीच ते."

माणसाने आत नजर टाकली. "आणि तुझं गं, बाळ?"

तिघी वळल्या. दोघींनी सहज बघितलं. तिसरीने जे बघितलं त्यात कोटाच्या बाहीवर हात ठेवून केल्यासारखी एक विनवणी होती. भिंगने इस्त्रीला आजवर एका गोष्टीला नाही म्हटलं होतं, छत्रीच्या. त्याचे तीन दिवस तिला अजून आठवत होते.

"नाही," ती म्हणाली. "माझंही नाही."

"कमाल आहे." माणसाने काच उचलून डोळ्याला लावली आणि दुकान न्याहाळलं. "अरेच्चा! सगळी लांब गेलात की!" तो आपल्याशीच हसला, शिंकला, आणि कुणाचीच नसलेली वस्तू फेकणार कशी, म्हणून ती परत खिशात टाकली.

डाव्या खिशात. डाव्या हाताने. फाईल डाव्या हाताने काखेतून काढून त्याने उजव्या काखेत मारली, दाराची कडी डाव्या हाताने ओढली, आणि रस्त्यावर जाऊन त्याच हाताने नाक पुसलं.

डावखुरे! चार वर्षं! भिंगने झटकन इस्त्रीकडे पाहिलं.

इस्त्री गल्ला बंद करत होती. चेंडू तिच्या काखेत होता आणि तारवाली तिला काहीतरी सांगत होती आणि ती जरा जास्तच मोठ्याने हसत होती.

भिंग गल्ल्याजवळ गेली. शपथ म्हणजे शपथ. "बाईसाहेब," ती म्हणाली.

लांब फिस्सकन हसली. "कोण, ही? बाईसाहेब?"

"काय गं?" इस्त्रीने विचारलं. हसू अजून तिच्या तोंडावर तसंच होतं. तिला खरंच कळलं नव्हतं.

"काही नाही. येते मी."

"हां, ये."

मागच्या दाराकडे जायला वाफेच्या इस्त्रीवरून, दांडीखालून जावं लागलं असतं. भिंग गल्ल्याला वळसा घालून पुढच्या दाराने बाहेर पडली.