खुर्शिदा सिस्टरची नात

"म्हणजे माझ्यामुळं?" खुर्शिदानं विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुम्ही आजारी नाही, सिस्टर. जंतू तुमच्या नाकात नुसता राहतोय. पुष्कळांच्या राहतो. पण हा साधा जंतू नाही. नेहमीची औषधं पचवून निबर झालाय. नाकातून बोटांवर येतो, बोटांवरून टाक्यांवर."

भोरच्या त्या छोट्या प्रसूतिगृहात सिझेरियनचे टाके एकामागून एक चिघळू लागले, तेव्हा सगळ्यांच्या नाकातले नमुने पुण्याला तपासायला गेले होते. खुर्शिदाला विंझरची सुलक्षणा आठवली. टाक्यांत पू, अंगात ताप, आणि कुठलंच इंजेक्शन लागू पडेना. तिची पट्टी खुर्शिदाच बदलायची. शेवटी तिला पुण्याला हलवलं. वाचली, पण तोवर दूध आटलं होतं.

नाकात लावायचं मलम घेऊन ती घरी आली. लेक मदिहा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. सातव्या महिन्यातच झालेली तिची मुलगी पुण्याच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत होती, ती त्याच सकाळी घरी आली होती.

"अम्मी, लवकर ये. डोळे उघडून बघतीय."

खुर्शिदा उंबऱ्यातच थांबली. तिथूनच तिनं सगळं सांगितलं.

"मग काय, घ्यायचंच न्हाई?"

"हात धुऊन, तोंडाला फडकं बांधून घ्या म्हणाल्या."

"मग घे की."

"सुलक्षणाची पट्टीबी मी हात धुऊनच करत हुते."

त्या दिवसापासून ती पुढच्या खोलीत झोपू लागली. बाळाचे लंगोट तिचा नवरा याकूब धुवायचा. बाळ रडलं की तिचे हात आपसूक उठायचे, मग ती ते पदराखाली दाबून बसायची.

"गावातल्या बायकांची पोरं घेतलीस," मदिहा एकदा आतून म्हणाली, "माझीच तेवढी घेतली न्हाईस."

खुर्शिदानं मलमाची नळी उघडली.

मलम संपलं, पुन्हा नमुना गेला. जंतू तिथंच होता. पुन्हा मलम सुरू झालं. तेवढ्यात पावसात घाट बंद व्हायच्या आत लेकीला न्यावं म्हणून महाडहून जावई आला.

स्टँडवर गाडीत चढता चढता मदिहा थांबली. तिनं बाळ पुढं केलं. आता तिच्या आवाजात रुसवा नव्हता.

"अम्मी, एकदाच. परत कधी येणं हुतंय कुणास ठाऊक."

खुर्शिदानं हात पाठीमागं नेऊन एकमेकांत गुंतवले. "हिला जरा अंग धरू दे. मग मीच येते महाडला."

मदिहा वर चढली. खिडकीशी बसून तिनं बाळाचं टोपडं मागं सारलं. बाळानं तोंडभर जांभई दिली आणि डाव्या गालावर खळी पडली. खुर्शिदाला ती आज पहिल्यांदाच दिसली. गाडी सुटली, तशी ती खिडकीबरोबर चार पावलं चालत गेली, हात पाठीमागंच धरून.