चिठ्ठीशिवाय

ग्रीसमधल्या कार्दित्सा गावात एवांथियाचं औषधांचं दुकान तीस वर्षं चाललं, ते तिच्या सढळ हातामुळे. कुणाचा घसा धरो, कुणाला कणकण येवो, डॉक्टरची चिठ्ठी न मागता ती अँटिबायोटिकचं पाकीट काढून द्यायची. नवऱ्याच्या बाबतीत तर विचारायलाच नको. पांदेलिस मधमाश्या पाळायचा, थंडीवाऱ्यात डोंगर पालथे घालायचा. तो जरा शिंकला की एवांथिया गोळी पुढे करायची. दोन दिवसांनी बरं वाटलं की उरलेल्या गोळ्या त्याच्या कोटाच्या खिशात पडून राहायच्या.

साठी उलटल्यावर त्याच्या गुडघ्यात कृत्रिम सांधा बसवला. महिन्याभरात गुडघा लालबुंद होऊन सुजला, जखमेतून पू येऊ लागला. एवांथियाने सर्जनला न कळवता घरीच गोळ्या सुरू केल्या. एक लागू पडेना म्हणून दुसरी, मग तिसरी. तीन आठवडे असेच गेले. हॉस्पिटलात नेलं तोवर जंतू हाडात उतरले होते.

डॉक्टर काराथानूबाईंनी तपासणीचा कागद पुढे ठेवला. "प्रयोगशाळेत या जंतूंवर अकरा औषधं लावून पाहिली. दहांना हे जंतू जुमानत नाहीत. अकरावं मूत्रपिंडांना झेपेल की नाही, सांगता येत नाही. आधी काय काय दिलं होतं यांना?"

एवांथिया तोंड उघडणार तोच पांदेलिस म्हणाला, "मीच घ्यायचो, हिच्या कपाटातून चोरून. हिला काय ठाऊक?"

बाईंनी तसं लिहून घेतलं.

अकराव्या औषधाने मूत्रपिंडं थकली, जंतू थकले नाहीत. पाय मांडीतून कापावा लागला. मधपेट्या दुसऱ्याला देऊन टाकल्या.

घरी आल्यावर तिने विचारलं, "माझ्यासाठी खोटं बोललास?"

"दुकानासाठी," तो म्हणाला. "ते बंद पडलं असतं, तर मला बसवून कोण पोसणार होतं?"

आठवड्याने शेजारची आस्पासिया दुकानात आली. "नातवाला ताप आहे. ते नेहमीचं दे."

"चिठ्ठी आण."

"अगं, तुझ्या नवऱ्याने गोळ्या चोरून खाल्ल्या, त्याची शिक्षा आम्हाला का?"

"चोरून नाही," एवांथिया म्हणाली. "मीच दिल्या. पाय माझ्यामुळे गेला."

आस्पासिया म्हणाली, "त्याला दिल्यास ना? मग माझ्याच नातवाला द्यायला काय होतं?"

एवांथियाने नकारार्थी मान हलवली. आस्पासिया पुटपुटत बाहेर पडली, रस्ता ओलांडून समोरच्या औषधांच्या दुकानात शिरली आणि दोन मिनिटांत पाकीट घेऊन घराकडे निघाली.