काळूचं सोंग कुणाचं

माझ्या तोंडाला लागू नये, हे पंचवटीच्या भाजीबाजारात लहान पोरालासुद्धा माहीत आहे. मखमलाबादला आमचा मळा. मेथी, कोथिंबीर, कडेने झेंडू. सकाळी माल घेऊन मी बसायची बाजारात. एखादी बाई जुडी उलटीपालटी करून नाक मुरडायला लागली की माझी टकळी सुरू. "काकू, कोथिंबीर घेताय का पोरगी बघायला आलाय?" शेजारच्या भाजीवाल्या पदर तोंडाला लावून हसायच्या आणि काकू गुपचूप जुडी पिशवीत टाकायच्या.

वाल्मीक माझा चुलतभाऊ. सातपूरला एका वर्कशॉपमध्ये लेथवर होता. २००४ साली त्याने कुणाकडून तरी इंग्रजी रॅपची सीडी आणली. मला त्यातलं अक्षर कळलं नाही, पण पहिलंच गाणं ऐकून मी म्हणाले, "अरे, हे तर भांडण आहे! नुसतं ठेक्यात चाललंय."

"मग तुला काय अवघड आहे?" वाल्मीक म्हणाला. "तू जन्मल्यापासून तेच करतेयस."

ठेका मात्र आमच्याकडे नव्हता. तो काळूकडे होता. काळू पेठच्या पुढचा, डोंगरातला. दरवर्षी भात निघालं की त्याचे आईवडील कामाला खाली यायचे, आमच्या मळ्यात झोपडी घालून राहायचे. काळू मेथी उपटता उपटता तोंडाने संबळ वाजवायचा. जीभ, गाल, दात, आणि मधूनच छातीवर एक थाप. बघणाऱ्याला वाटायचं याने कुठेतरी वाद्य लपवलंय. पुढे आईवडील परत गेले तरी तो मळ्यातच राहिला, आमच्यासाठी. मी बडबडायची, वाल्मीक मध्ये मध्ये माझं बोलणं तोडायचा, काळू वाजवायचा. असा आमचा 'खडीफोड' ग्रुप झाला. गणपतीत दोन-चार मंडळांनी बोलावलं. म्हाताऱ्यांनी कानावर हात ठेवले आणि पोरं नाचली. आम्हाला आणखी काय हवं होतं?

मग खंडेराव सर आले. हा माणूस पूर्वी लग्नाचं शूटिंग करायचा, आता गावातल्या केबल चॅनेलसाठी मालिका काढणार होता. "खेड्यातली पोरं, कारखान्यातली पोरं, एकत्र येऊन रॅप करतात! नाशिकमध्ये!" असं म्हणत त्याने स्वतःच्याच मांडीवर थापा मारल्या. दर रविवारी एक भाग. आमचा ग्रुप कसा जमला, त्याची गोष्ट. आमची कामं मात्र नट करणार, कारण कॅमेऱ्यासमोर मी डोळे वटारत होते, वाल्मीक पुतळा होत होता आणि काळू स्वतःच्या पायांच्या अंगठ्यांकडे बघत होता. शेवटच्या भागात आम्ही खरे तिघं कालिदास नाट्यगृहाच्या स्टेजवर गाणार, आणि ते ऐकायला मुंबईहून कॅसेट कंपनीचा माणूस येणार. आमचं सगळं त्या एका दिवसावर होतं.

शूटिंगच्या मुहूर्ताला सरांनी कॅमेऱ्याला हार घातला. एवढ्यावर थांबेल तर तो लग्नाचा शूटिंगवाला कसला! "प्रत्येकाने आपापल्या नटाला कुंकू लावा, पानसुपारी द्या आणि म्हणा, आजपासून तू मी. फोटो मस्त येईल."

मी माझं काम करणाऱ्या मुलीला टिळा लावला. कॉलेज रोडची मुलगी, गोरी, नाजूक, बोलली तर ऐकायला वाकावं लागेल अशी. मी म्हणाले, "घे बाई, आजपासून तू मी. कोथिंबीर विकायला पण तूच जा." सगळे हसले. वाल्मीकने पण काहीतरी टवाळी केली.

काळूची पाळी आली. त्याचं काम करणारा राज हा नाटकवाला पोरगा, उंच, केस मागे वळवलेला. काळूने आधी माझ्याकडे बघितलं. "देऊ ना, दिशाताई?"

"दे की! त्यात विचारायचं काय?"

त्याने चप्पल काढली. राजच्या कपाळाला टिळा लावला, दोन्ही हातांनी पानसुपारी दिली, सर सांगतील ते शब्द जसेच्या तसे म्हटले, आणि वाकून राजच्या पाया पडला. आम्ही टाळ्या पिटून हसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी झोपडीत बघते तर काळू नाही. त्याचं अंथरूण घडी करून ठेवलेलं.

शूटिंग सुरू झालं, पहिला भाग लागला, दुसरा लागला, काळूचा पत्ता नाही. त्याच्या गावात फोन नव्हता. वाल्मीक म्हणाला, "हिरो व्हायचं होतं त्याला. राजला घेतलं म्हणून फुगून बसलाय." मलाही तेच वाटलं आणि माझं डोकं सणकलं. एवढं आपलं मानलं आणि हा न सांगता पळतो? खंडेराव सर म्हणाले, "काळजी करू नका, कॉम्प्युटरवरचा ठेका लावू." लावला. मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. तो ठेका आपला सरळ रस्त्याने चालला होता, मी दम घ्यायला थांबले तरी थांबत नव्हता. काळू माझ्या श्वासाबरोबर थांबायचा. काळू नाही तर आम्ही नुसते भांडणारे भाऊबहीण होतो.

मग मी पेठची एसटी धरली. तिथून पुढे जीपने, उरलेलं पायी. वाटभर काय काय ऐकवायचं ते जुळवत गेले. काळू अंगणात कुडाच्या भिंतीला शेण-माती लिंपत होता. मला बघून असा हसला, जशी मी रोजच येते.

"ये दिशाताई. आई, पाणी आण!"

"पाणी राहू दे!" मी ओरडले. "लाज नाही वाटत? तोंड काळं करून आलास ते आलास, एक निरोप नाही? एवढा कसला रे रुसवा?"

तो गोंधळला. हात मातीने भरलेले तसेच. "रुसवा कसला? काम झालं, आलो."

"काय काम झालं?"

"दिलं ना त्याला. तुम्हीच सांगितलं."

काय बोलतोय ते मला कळेना. तेवढ्यात त्याची आई, भागीबाई, पाणी घेऊन आली. मी रागाने ओसरीवर बसले. बाजूला कांबळ्यावर एक लाकडी मुखवटा होता, नुकता रंगवलेला. लाल तोंड, बाहेर आलेले दात. पुढच्या आठवड्यात त्यांच्या गावचा बोहाडा होता. मुखवटे घालून देवांची, राक्षसांची सोंगं नाचवतात, तो उत्सव. मी काळूला चिडवायला म्हणून म्हणाले, "हा तुझ्या सरांचा फोटो वाटतं," आणि मुखवटा उचलायला गेले.

"हात नको लावू, बाय!" भागीबाई एवढ्या जोरात ओरडली की पाणी सांडलं. मग तिलाच वाईट वाटलं. शेजारी येऊन बसली. "तो वेताळ हाय. आमच्या घरचा. आमचीच माणसं घालतात. दुसऱ्या कोणी घातला तर त्याचा होतो."

"असं कसं? एकदा घातला म्हणून?"

"टिळा लावून, पानसुपारी देऊन दिला तर त्याचाच. आमच्याकडे नंदीपण व्हता. ह्याचा बाप आजारी पडला, तवा बारकूला दिला. आता बारकूची पोरं नाचवतात. ह्याचा बाप कडेला उभा राहून बघतो."

"मग भांडण नाही झालं?"

"भांडण कसलं? आपल्या हातानं दिलं ना."

मी काळूकडे बघितलं. तो कुडाला माती लावत होता, अगदी गुळगुळीत. टिळा. पानसुपारी. आजपासून तू मी. आणि माझ्याकडे बघून विचारलं होतं त्याने, देऊ ना? आणि मी म्हणाले होते, त्यात विचारायचं काय!

"काळू, अरे येड्या," मी म्हणाले. "तुला वाटलं आम्ही तुला काढलं?"

"काढलं नाय. मोठ्या माणसाला दिलं. तो उंच हाय, चांगला दिसतो." मग जरा थांबून म्हणाला, "तोंडानं वाजवतो का तो बरा?"

मला रडू आलं. मी आयुष्यात चारचौघांत रडले नव्हते, तिथे हमसून रडले. ते नुसतं नाटक होतं, टीव्हीचं काम होतं, हे मी त्याला दहा प्रकारे सांगितलं. तो मान डोलवायचा, पण पटत नव्हतं. बोहाडापण नाटकच असतो की, तो म्हणाला. म्हणून काय सोंग कोणाचंही होतं?

शेवटी मी भागीबाईलाच विचारलं, "दिलेलं परत मिळतच नाही का?"

"मिळतं. ज्याला दिलं त्यानं आपण होऊन आणलं तर. पाया पडून." ती हसली. "पण तसं कोण आणतं?"

मी आल्या पावली नाशिकला परतले आणि राजला गाठलं. म्हटलं हा माझी टर उडवणार. त्याने सगळं ऐकलं. "माझ्या पाया पडला होता तो," म्हणाला. "आणि मी दात काढत होतो." नाटकवाला होता. स्टेजला हात लावून नमस्कार केल्याशिवाय वर पाय ठेवत नसे. दुसऱ्या दिवशी त्याने गाडी काढली, मला मागे बसवलं, आणि भागीबाईच्या अंगणात बूट काढून उभा राहिला. काळूला टिळा लावला, पानसुपारी दिली आणि वाकला. सगळं गाव जमलं होतं, पण एकजणही हसला नाही.

काळूने पानसुपारी घेतली, कपाळाला लावली. मग काळजीने विचारलं, "पण आता तुमच्याकडे काय राहिलं?"

"माझं काय, मला दुसरं मिळेल," राज म्हणाला आणि तोंड फिरवून गाडीशी खुडबूड करायला लागला.

राजने उरलेल्या भागांत काम करायला साफ नकार दिला. खंडेराव सरांनी आधी आकांडतांडव केलं, मग काळूलाच काळू म्हणून उभं केलं. तो आताही अंगठ्याकडेच बघत होता, पण चाललं. गाण्याचा दिवस आला. कालिदास भरलं. पुढच्या रांगेत मुंबईचा माणूस बसला होता, आणि भागीबाई नव्या लुगड्यात.

आम्ही स्टेजवर जायच्या आधी सर माझ्याजवळ आले. हळूच म्हणाले, "दिशा, वाईट नको वाटून घेऊ. लोकांना आता टीव्हीवरचीच दिशा माहीत आहे. ती पुढे उभी राहील, तू आतून म्हण. आवाज तुझाच आहे."

आणि मी 'बरं' म्हणाले. एका जुडीसाठी बाजार डोक्यावर घेणारी मी! खरं सांगते, तेवढ्या आठवड्यांत बाजारातल्या बायका येता-जाता म्हणत होत्या, टीव्हीतली दिशा किती गोड आहे गं, तू अशी का नाहीस? ते कुठेतरी आत जाऊन बसलं होतं. काळा चेहरा, चिरलेले हात. मला माझीच लाज वाटली आणि मी विंगेत जाऊन उभी राहिले.

पडदा उघडला. वाल्मीक तयार. ती मुलगी मधोमध, झगझगीत कपड्यांत, हातात माईक. काळूने तोंडाशी हात नेला, आणि इकडे तिकडे बघून खाली घेतला.

"सुरू कर, काळू!" सर विंगेतून खेकसले.

काळू जागचा हलला नाही. त्याच्या माईकमधून सगळ्या हॉलला ऐकू गेलं, "हे सोंग हिचं नाय. दिशाताईचं हाय."

हॉलमध्ये हशा पिकला. सरांनी कपाळावर हात मारला. काळू त्या मुलीकडे वळला, तितक्याच नम्रपणे. "ताई, तुम्हाला तिनं दिलं ते खरं. पण आता परत द्या. ती दारात उभी हाय."

मी मेल्यासारखी झाले. वाटलं आता ही पोरगी पाय आपटत जाईल. तिला मी एका ओळीच्या वर कधी बोलताना ऐकलं नव्हतं. ती सरळ चालत विंगेत आली, माझा हात धरून मला उजेडात ओढलं आणि माईक माझ्या हातात ठेवला. मग त्या झगझगीत कपड्यांसकट वाकली. "अगं, अगं!" करेपर्यंत पायाला हात लावून मोकळी. वर बघितलं तेव्हा तिचे डोळे भरले होते. माझे तर वाहतच होते.

हशा थांबला होता. पुढच्या रांगेत भागीबाईने हात जोडले. काळू माझ्याकडे बघत उभा होता. मी दम खाल्ला, डोळे पुसले आणि मान हलवली. मग त्याने छातीवर थाप मारली आणि मी तोंड उघडलं.