लाल मूठ आणि रिकामा पिपा

मी एक जुना लॉक आहे, पण मित्रांनो, किल्ली आणायला धावू नका. मी दाराचा नाही, पेटीचा नाही, सायकलचाही नाही. मी गाडीच्या मागच्या आसाच्या पोटात बसणारा लॉक आहे, आणि सध्या भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या भंगारात पडून आहे. माझे पुढचे दात तुटले आहेत. ते कशामुळे तुटले हे आज सांगणार आहे. सांगताना आवाज चढला तर वाईट वाटून घेऊ नका. फार दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात मी घडलो. लोखंड तापवले, ठोकले, कडेने दात कापले, मग तेलात बुडवून मला कडक केले. एका उघड्या, उंच गाडीच्या पोटात बसून आधी जहाजाने आणि मग मालगाडीने मी दुर्गला उतरलो. भिलाईत तेव्हा कारखाना कसला! जिकडेतिकडे खणलेली माती, उघडे लोखंडी खांब आणि त्यांच्यामधून वाट काढणारी माणसे. पहिली भट्टी पेटायची होती. सडका कागदावर होत्या. पाऊस पडला की तिथली काळी कन्हार माती अशी चिकट होई की बैलसुद्धा पाय उचलायला तयार नसत. अशा जागी माझ्यासारख्याला मान मिळेल, असे मला वाटले होते. भोळाच होतो मी.

माझे काम काय ते सांगतो. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला लांबचा फेरा पडतो, आतल्याला जवळचा. दोन्ही चाके एकाच गतीने फिरली तर गाडी अडखळेल. म्हणून आसाच्या मधोमध डिफरन्शियल नावाची दातेरी चाकांची जुळणी असते. ती दोन्ही चाकांना आपापल्या गतीने फिरू देते. सडकेवर तिच्याइतके शहाणे कोणी नाही. चिखलात मात्र तिची अक्कल गहाण पडते. जे चाक घसरते त्यालाच ती फिरवत बसते, आणि ज्याच्याखाली घट्ट जमीन आहे ते चाक नुसते उभे राहते. घसरणारे चाक गरगरा फिरून खड्डा खणते आणि गाडी पोटावर बसते. तिथे माझी गरज लागते. ड्रायव्हरशेजारची लाल मूठ ओढली की माझे दात गुंततात, दोन्ही चाके एकजीव होतात आणि गाडी निघते.

मोटार शेडचे मोठे मिस्त्री श्यामराव मूळचे दुर्गचे. मी आलो त्या दिवशी त्यांनी सगळ्या ड्रायव्हरांना गाडीभोवती उभे केले.

"देखो," ते म्हणाले, "चिखल दिसला की गाडी थांबवायची, मूठ ओढायची, फिर गाडी चिखलात घालायची. चाक गरगर फिरत असताना ओढली तर याचे दात गेले समजा. और पक्की जमीन आली की मूठ सोडून द्यायची. बस, इतकंच."

इतकेच, मित्रांनो! मी कोणाकडून याहून जास्त काही मागितले नाही.

माझ्या गाडीवर देवीदास होता. भंडाऱ्याकडचा, नुकतीच दीक्षा घेतलेल्या घरातला. काचेपाशी त्याने बाबासाहेबांचे लहानसे चित्र लावले होते आणि गाडी सुरू करण्याआधी तो ते बोटाने पुसत असे. खलाशी, म्हणजे गाडीवरचा मदतनीस, म्हणून आला आणि श्यामरावांच्या हाताखाली गाडी शिकला. त्याच्या घरात स्टिअरिंग हाती धरणारा तो पहिलाच. नोकरी मात्र अजून कच्ची होती. बायको पंचफुला आणि तो कॅम्पातल्या टिनाच्या झोपडीत राहत. पक्का केल्याचा कागद निघाला तर कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टरात, क्वार्टर मिळणार होते, आणि क्वार्टरमध्ये घरातला नळ. पंचफुला शेडच्या दाराशी डबा घेऊन येई तेव्हा तिचा पहिला प्रश्न ठरलेला.

"अजी, कागद निंगाला का?"

"निंगल वं. साहेब बोलले हायेत."

"बोलूनच राहिले हायेत बाप्पा! हंडा वाहून वाहून माही मान आखडली इकडे."

ते पहिले दिवस माझे सुखाचे होते. डॉक्टर आणि नर्सबाईंना घेऊन आम्ही दूरदूरच्या मजूरवस्त्यांत जात होतो. नाला आला की देवीदास गाडी थांबवी, शांतपणे मूठ ओढी, आणि आम्ही हळूहळू पलीकडे जात असू. कुरुद गावाच्या वाटेवर फसलेल्या बैलगाड्यांचे लोक बैल सोडून आमच्याकडे पाहत राहत. पलीकडे गेले की देवीदास मूठ सोडी आणि ती हलकेच थोपटी. त्या थोपटण्यावर मी जगत होतो.

पण शेडच्या दारात एक रिकामा पिपा होता, तेलाचा. आणि पिप्याशेजारी टिकाराम असायचे, शेडमधले सर्वांत जुने ड्रायव्हर. माणूस वाईट नव्हता. कोणी आजारी पडला तर त्याची ड्युटी मुकाट्याने करणारा. पण त्यांच्या मते मूठ ओढणे म्हणजे हार पत्करणे. खरा ड्रायव्हर आपल्या हातापायाच्या जोरावर गाडी काढतो, असे त्यांचे म्हणणे. चिखलाने माखलेली गाडी शेडात शिरली की ते विचारत, "कावून रे, मूठ ओढली का?" स्टिअरिंगवर हात ठेवून खरे उत्तर द्यायचे, हा तिथला रिवाज होता. "ओढली" म्हटले की सगळे ड्रायव्हर हाती येईल तो पाना घेऊन पिपा बडवत. ढाण ढाण आवाज पार कॅन्टीनपर्यंत जाई आणि तिथले लोक हसत बाहेर येत.

आता गंमत ऐका. गाडी चिखलात रुतली, मजुरांनी कमरेएवढ्या पाण्यात उतरून ढकलली, तर पिपा वाजत नसे. मूठ ओढून गाडी कोणालाही त्रास न देता आली, तर वाजे. हा कुठला न्याय? मी आसाच्या पोटात बसून नुसता तडफडत होतो. मला तोंड असते तर त्या पिप्याला चार शब्द सुनावले असते.

देवीदास आधी हसण्यावारी नेई. मग त्याचे कान लाल होऊ लागले. नवा, कच्चा, आणि रोज त्याच्याच नावाने पिपा! हळूहळू त्याचा हात मुठीशी येऊन थबकू लागला. मग येईनासाच झाला. मला गंज चढू लागला आणि मजुरांच्या पाठी दुखू लागल्या.

अशात वाहतुकीचे साहेब उमाकांत यांनी ठरवले की नव्या गाड्या मागवायच्या. रायपूरचे, सरळ बोलणारे गृहस्थ. प्रश्न असा होता की नव्या गाड्यांत लॉक कोणता घ्यायचा. श्यामरावांनी तीन प्रकार सांगितले, ते मी माझ्या कानांनी ऐकले.

एक चकत्यांचा. आवाज नाही, धक्का नाही, अगदी गरीब स्वभावाचा. पण एक चाक हवेत लटकले की त्याची पकड सुटते, आणि चकत्या झिजल्या की तो नावापुरताच उरतो. दुसरा आपोआप लागणारा. त्याला मूठ नसते. सरळ चालताना तो दोन्ही चाके धरूनच ठेवतो आणि वळणावर बाहेरचे चाक सोडतो. पण सडकेवर टकटक वाजतो, टायर खातो, आणि निसरड्या उतारावर गाडीचे मागचे अंग कधी बाजूला ढकलील याचा नेम नाही. तिसरा मी. सडकेवर मी आहे हे कळतसुद्धा नाही. चिखलात माझ्याइतकी पक्की पकड कोणाची नाही. फक्त मला वेळेवर ओढावे लागते.

चकत्यांचा बाद झाला. उरलो आम्ही दोघे. साहेबांनी कुरुदच्या नाल्यावर परीक्षा ठेवली. आपोआप लॉकची नमुन्याची गाडी टिकारामांकडे दिली, आणि देवीदासला बोलावले.

"मुठीची गाडी तू घे. नीट पार केलीस तर तुझा कागद मी त्याच दिवशी पुढे पाठवतो."

दुपारची वेळ होती, ऊन पडले होते. नाल्याच्या काठावर सारी शेड जमली होती. पंचफुलासुद्धा इतर बायकांबरोबर पदर सावरत उभी होती. आणि हौशी लोकांनी ट्रकमध्ये घालून पिपाही आणला होता!

देवीदासने काठावर गाडी थांबवली. चित्र पुसले. त्याचा हात मुठीवर आला. मी दात सरसावले. खरे सांगतो, इतका आनंद मला कधी झाला नव्हता. तेवढ्यात टिकारामांनी गमतीने पिप्यावर पाना टेकवला. जोरात नाही, नुसता ठण्ण करून. लोक हसले. देवीदासचा हात मुठीवरून उचलला गेला.

ओढ ना रे! एकदा ओढ! पण माझे ऐकतो कोण? गाडी तशीच नाल्यात उतरली. मधोमध उजवे चाक घसरले आणि गरगरा फिरू लागले. खड्डा खोल झाला, चिखल काठापर्यंत उडाला, गाडी बसू लागली. मग देवीदास घाबरला आणि चाक पूर्ण वेगात असताना त्याने मूठ खसकन ओढली. माझे दात फिरत्या दातांवर आदळले. कडकड आवाज झाला, आणि मी संपलो.

आमची गाडी ओढून काढल्यावर टिकाराम आपली गाडी घेऊन पार झाले. पलीकडच्या उतारावर त्यांची गाडी आडवी घसरली आणि बाभळीला घासली, पण तिकडे कोणी पाहिले नाही. त्यांच्याही चाकांना लॉकनेच धरले होते. फक्त ती मदत कोणाला दिसली नाही, म्हणून पिपा वाजला नाही.

शेडमध्ये श्यामरावांनी मला उघडून तळहातावर घेतले. तिरपे तुटलेले दात पाहिले आणि ते देवीदासकडे पाहत राहिले. साहेबांनी विचारले, "लॉक लागत नाही का?"

"लॉकच खराब हाये साहेब," टिकाराम मध्येच म्हणाले. देवीदासला वाचवायला म्हणाले. आता देवीदासने नुसती मान हलवायची होती. कागद, क्वार्टर, नळ, सगळे त्या मानेवर होते.

"खराब नाई साहेब," देवीदास म्हणाला. "म्याच उशिरा ओढला. चाक फिरून राहिलं होतं."

"का? श्यामरावांनी शिकवलं नव्हतं?"

"शिकवलं होतं जी. पण ओढला का पिपा वाजते. मले लाज वाटली."

मला वाटले, झाले, आता तरी न्याय होणार! पण साहेब म्हणाले, "मग हा कितीही चांगला असून काय उपयोग? ओढायचीच लाज वाटत असेल तर ओढावा न लागणारा घेऊ. आपोआपवाला मागवा. आणि देवीदास, तुझं पावसाळ्यानंतर पाहू."

ऐकलेत, मित्रांनो? मी नापास झालो नव्हतो. माणसांना लाज वाटत होती, म्हणून मी बाद! याहून जास्त संताप मला आयुष्यात आला नाही.

मला दाराशी एका टोपल्यात टाकून दिले होते. संध्याकाळी पंचफुला आली. देवीदास खाली मान घालून बसला होता. तिने डबा त्याच्यापुढे ठेवला.

"खरं बोलले ते बरं केलं जी," ती म्हणाली. "पण माहा नळ गेला ना."

आणि तिला रडू आले. पिप्याशी बसलेले टिकाराम हे ऐकत होते. त्यांनी हातातली विडी न ओढताच टाकून दिली.

दुसऱ्या दिवशी ते धुतलेला सदरा घालून आले आणि देवीदासचा हात धरून साहेबांकडे गेले. परत आल्यावर स्वतःच सगळ्यांना सांगू लागले, "साहेबाले म्हटलं, पिपा म्या वाजवला, मंग सजा याले कावून? माह्या बढतीचा कागद थांबवा, पण याचा पाठवा." साहेबांनी दोघांचेही कागद पाठवले. पुढे देवीदासला सेक्टर दहामध्ये क्वार्टर मिळाले. पंचफुला पहिले काही दिवस उगाचच नळ सोडून पाहत असे, असे तो श्यामरावांना हसत सांगत होता. मला बरे वाटले. नाही कशाला म्हणू?

पण माझ्यासाठी साहेबांकडे कोणी गेले नाही. मागणी निघून गेली होती. टकटक वाजणाऱ्या नव्या गाड्या आल्या. त्या चांगले काम करतात, टायर तेवढे खातात. मला टोपल्यासकट इथे आणून ओतले.

नंतर एके दिवशी टिकाराम एकटेच आले. घाम पुसत, पायाने ढकलत त्यांनी तो पिपा इथवर लोळवत आणला आणि भंगारात टाकला. तो नेमका माझ्या शेजारी येऊन पडला. इतकी जागा होती, पण नाही, माझ्याच शेजारी! आता वाऱ्याने खडा उडून लागला तरी तो ठण्ण करतो आणि माझे उरलेले दात शिवशिवतात. आता पोलाद वितळवणारी भट्टीही पेटली आहे, तिला भंगार लागते. आमचा ढीग लवकरच उचलतील, आणि आम्ही दोघे एकाच भट्टीत वितळू.

मित्रांनो, चिखल समोर दिसत असतो आणि मूठ हाताशी असते. गणित अडले असेल, ओझे उचलत नसेल, मन दुखत असेल, तर आधीच हात पुढे करा. चाक गरगरायला लागल्यावर ओढू नका, त्यात तुमचेही नुकसान आणि मदत करणाऱ्याचेही. आणि कोणी वेळेवर मूठ ओढताना दिसला, तर हसू नका. तुमच्याही दारात एखादा पिपा असेलच. तो आधी भंगारात टाका. माझ्यासारख्याला नंतर टाकले तरी चालेल.