सहा सीलबंद बाटल्या

विभागप्रमुख उदयसिंह सरांनी कागद संयोगिताच्या पुढ्यात सरकवला आणि पंख्यानं उडू नये म्हणून त्यावर आपला चहाचा कप ठेवला.

"वाचा, मॅडम. मजा येईल तुम्हाला."

तिने कप उचलून बाजूला ठेवला. विद्यापीठाने पाठवलेली तक्रारीची प्रत होती. तक्रारदाराचं नाव काळ्या मार्करने झाकलेलं होतं. मजकूर तिला पाठ होता, कारण तो तिनेच लिहिला होता. रसायनशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा झालीच नाही. बाहेरच्या परीक्षकांनी हॉटेलात जेवता जेवता चौऱ्याऐंशी मुलांचे गुण भरले. परीक्षेसाठी आणलेल्या सिल्व्हर नायट्रेटच्या सहा बाटल्या अजून सीलबंद आहेत. त्यांचे बॅच क्रमांक खाली दिले आहेत.

"नाव दिसत नाही," ती म्हणाली.

"नाव कशाला पाहिजे? कपाटाची किल्ली शिपायाकडं, म्हणजे धुळाकडं. बाटल्या मोजणार कोण? धुळाच."

"धुळाला असं लिहिता येईल, सर?"

"लिहून दिलं असेल कुणीतरी. ही आटपाडीकडची माणसं दिसतात गरीब, पण लय आतल्या गाठीची. गुरुवारी विद्यापीठाची चौकशी समिती येतेय. त्याचा जबाब तुम्हीच तयार करा. तक्रार केली, चूक झाली, माफी मागतो. तुमचं मराठी चांगलं आहे."

विभागात तीन पीएच.डी. होते आणि तिघांनीही तक्रार वाचली होती. पानभर मजकुरात एकही चूक नाही, हे त्यांच्यापैकी कुणालाच खटकलं नव्हतं. नऊ वर्षं विभागाचे सगळे अहवाल संयोगिता लिहीत आली होती. ते अहवाल हे लोक सहीची जागा सापडेपर्यंतच पाहायचे. त्यामुळे तिची लेखणी ओळखण्याचा प्रश्नच नव्हता. त्याच भरवशावर तिने तक्रार पाठवली होती. तिच्या बढतीची फाइल अजून सहीविना सरांच्या कपाटात होती.

धुळा प्रयोगशाळेत ब्युरेटच्या काचेच्या नळ्या पुसत बसला होता. परीक्षेत न वापरलेल्या ब्युरेटांवर धूळ बसली होती.

"आवं मॅडम, सही केलीस तर ठेवतो म्हणालं सर. न्हाई केलीस तर एक तारखेपासनं येऊ नगंस." अकरा वर्षं तो कंत्राटावर होता. "करतो म्हणालो."

"तुम्ही तक्रार केली नाही, धुळा."

"मी कवा म्हणालो केली म्हणून?" त्याने फडकं झटकलं. "कुणी केली त्ये बी ठावं हाय मला. बाटल्यांचं नंबर उतरून घेताना चष्मा इसरला हुता तुमी. मीच आणून दिला की घरी."

तिचा हात चष्म्याकडे गेला.

"काळजी करू नगा. माझ्या त्वांडातनं न्हाई निघायचं."

त्याच्या त्या शब्दाने तिला सुटल्यासारखं वाटलं. पुढच्याच क्षणी त्या सुटल्यासारखं वाटण्याची तिला किळस आली.

गुरुवारी सकाळी उदयसिंह सर दोन्ही हात खिशात घालून तिच्या टेबलापाशी आले. इकडेतिकडे पाहत त्यांनी हात बाहेर काढले. बोटं, तळवे, मनगटापर्यंत सगळं काळपट तपकिरी झालं होतं.

"हे कशानं जातं हो, मॅडम? डेटॉल झालं, रॉकेल झालं. लिंबू चोळलं."

तिने हातांकडे पाहिलं, मग प्रयोगशाळेतल्या उघड्या कपाटाकडे. सहाही बाटल्यांची सीलं तुटलेली, प्रत्येकीत निम्मीच भुकटी. बेसिनही काळवंडलं होतं.

"काल संध्याकाळी तुम्ही स्वतः ओतून टाकलंत?"

"मग कुणावर भरवसा ठेवायचा? तेव्हा हात अगदी स्वच्छ होते. सकाळी उठून बघतो तर हे असं."

सिल्व्हर नायट्रेट हाताला लागतं तेव्हा डाग दिसत नाही, उजेडात ते काळं पडतं. पहिल्या वर्षाची मुलंदेखील हातमोज्यांशिवाय बाटली उघडत नाहीत. सर बावीस वर्षं विभागप्रमुख होते.

"धुऊन जात नाही, सर," ती म्हणाली. "कातडी बदलावी लागते."

ते गेल्यावर तिने टाइप करून ठेवलेला माफीचा जबाब फाडला आणि नवा कागद घेतला.

समितीत तिघे होते. अध्यक्ष साताऱ्याचे, रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. धुळा भिंतीला लागून उभा राहिला. त्याला कुणी खुर्ची दिली नाही. अध्यक्षांनी निम्म्या रिकाम्या झालेल्या बाटल्या पाहिल्या आणि मान डोलावली. उदयसिंह सरांचे हात टेबलाखाली होते, पण चहा आल्यावर त्यांना ते वर काढावे लागले.

अध्यक्षांची नजर त्या बोटांवर थांबली. सगळी हयात प्रयोगशाळेत गेलेल्या माणसाला आणखी काही सांगावं लागत नाही. त्यांनी नजर उचलली आणि बिस्किटं कुठल्या बेकरीची, ते विचारलं.

"आपल्या विश्रामबागेतलीच, सर."

"खुसखुशीत आहेत." त्यांनी आणखी एक घेतलं. "बाटल्या वापरलेल्या आहेत. म्हणजे तक्रारीत तथ्य नाही. जबाब तयार आहे ना? आणा, आमच्या सह्या आधी उरकून घेतो. मला चारची गाडी आहे."

संयोगिताने कागद त्यांच्यासमोर ठेवला. "वाचून घ्या, सर."

"तुम्ही लिहिलंय ना? मग वाचायचं काय त्यात?"

'समितीने प्रत्यक्ष पाहिले' या ओळीखाली तिघांनी सह्या ठोकल्या. एकाने तर फोनवर बोलता बोलता केली. उदयसिंह सरांनी काळ्या बोटांनी कागद धुळाकडे ढकलला.

"कर रं. तक्रारदार लिहिलंय तिथं."

धुळा पुढे आला. त्याने पेन धरायच्या आधी संयोगिताने कागद आपल्याकडे ओढला आणि संथपणे, पूर्ण नाव लिहून सही केली. खाली तारीख घातली.

"ओ मॅडम," सर हसले, "तिथं धुळाची सही पाहिजे."

"तिथं तक्रारदाराची सही पाहिजे, सर."

सरांचं हसू थोडा वेळ तसंच राहिलं. फोनवर बोलणाऱ्याने फोन खाली ठेवला. अध्यक्षांनी खिशातून चष्मा काढला, कागद जवळ ओढला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. दुसऱ्या ओळीतल्या 'विभागप्रमुखांचे काळे पडलेले हात' या शब्दांवर त्यांचं बोट थांबलं.

संयोगिता उठली. तिने आपली खुर्ची भिंतीकडे सरकवली.

"बसा, धुळा," ती म्हणाली. "आता वेळ लागेल."