मुंगीची पाचवी खूण

"मावशी, हात लावा की तिला! आज तरी लावा," विशेष मुलांच्या वर्गाच्या बाई ओठ न हलवता पुटपुटल्या.

मावशी जागची हलली नाही. समोर नऊ वर्षांची मुंगी कोटाच्या बटणाशी झुंजत होती. पोरीची बोटं हट्टी, बोलणं मोजक्या शब्दांचं. हळूहळू चालते पण थांबत नाही, म्हणून मावशीनंच तिला हे नाव ठेवलेलं.

कोपऱ्यात तपासणीच्या मॅडम मांडीवर तक्ता घेऊन बसल्या होत्या. या वर्गाला मदतनीस लागते की नाही, ते आज ठरायचं होतं. मुलाला मदत केली की त्याच्या नावापुढे एक खूण, कशात मदत ते लिहून. पाच भरल्या तर मावशीची जागा राहणार, नाहीतर रद्द. चार झाल्या होत्या आणि सुट्टीची घंटा व्हायला पाच मिनिटं उरली होती.

बाईंचं तरी काय चुकलं? अशी अकरा मुलं एकटीनं सांभाळायची म्हणजे खायचं काम नाही. आणि मावशीला नोकरी नको होती थोडीच! पण पहिल्याच वर्षी तिनं एका मुलीला इतकं लाडानं भरवलं होतं, की शाळा सोडतानाही त्या पोरीला चमचा धरता येत नव्हता. ते मावशीच्या मनाला एकोणीस वर्षं लागून राहिलं होतं.

"मावशी, तू कर," मुंगी रडकुंडीला आली.

मावशी तिच्यासमोर उकिडवी बसली. "करते गं बाई. आधी तू बघ अजून एकदा."

मुंगीनं नाक ओढलं, जीभ बाहेर काढली, आणि बटण गेलं आत!

"झालं!" ती किंचाळली. मावशीचे डोळे भरून आले.

मॅडम मनानं भल्या होत्या. त्यांनी हळूच पाचवी खूण केली. "मदत मागितली ना तिनं? मग झालं तर. राहील तुमची जागा."

बाईंचा जीव भांड्यात पडला.

"मॅडम, हा कागद जातो कुठं?" मावशीनं विचारलं.

"ज्याची खूण, त्याच्या फायलीत नक्कल. हिची पुढच्या वर्षी मोठ्या शाळेत जाईल."

"म्हणजे तिथं वाचतील, हिला बटण लावता येत नाही. मग जो तो धावत येऊन लावून देईल. खोडा ती खूण."

"मावशी, वेड लागलंय का तुम्हाला?" बाई ओरडल्याच.

"लागलं असेल. पण तिनं एकटीनं लावलंय. खोडा."

मॅडमनी खूण खोडली, शेजारी सही केली. मावशीकडे बघायचं मात्र त्यांना जमलं नाही.

महिनाअखेरीला मावशी निघाली. दारात मुंगी आडवी आली. "थांब. मी," म्हणाली आणि मावशीच्या कोटाला भिडली. सहा बटणं होती. बाहेर मावशीची बस आली, भोंगा वाजवून निघूनही गेली. मुंगी तिसऱ्या बटणावर होती.

"सावकाश गं," मावशी म्हणाली.